ओसरीवरचा कारखाना



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली, ती विद्वानांनी चार लोकांत येऊन बोलावे म्हणून. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिकणे शाळेत थोडे आणि कामगारांच्या सभांत, जुन्या पुस्तकांत व कायद्यांच्या फाटक्या प्रतींत पुष्कळ, असे झालेले आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांना वाटले, आम्ही किमान वेतनावर किंवा संपाच्या हक्कावर बोलू. आम्ही म्हणालो, "पंक्चर." ते हसले. आता आपणही हसलात. हसा, त्यात काही वावगे नाही. पण आपल्यापैकी बहुतेक जण येथे रबरी चाकांवर बसून आले आहेत. परत जाताना अंधारात चाक बसले, तर आपण कोणा पंडिताला हाक मारणार नाही. ओसरीवर दिवा लावून बसलेल्या एका काळ्या हातांच्या माणसालाच माराल. त्या माणसाविषयी आज बोलावयाचे आहे.

जिंतूरला रेल्वे नाही. निजामाच्या राजवटीत मनमाडहून हैदराबादकडे लोहमार्ग गेला तो सेलू-परभणीवरून गेला, आणि आपले गाव बाजूला राहिले. जालना-मंठ्याकडून औंढ्याकडे जाणारा रस्ता आणि परभणीचा रस्ता येथे भेटतात. त्यामुळे कापूस जावयाचा, खत यावयाचे, पेशंट न्यावयाचा की वऱ्हाड आणावयाचे, सारे चाकांवर. निजामाच्या राज्यात सरकारी बससेवा १९३२ साली सुरू झाली, तेव्हा तिच्याजवळ २७ गाड्या आणि १६६ नोकर होते. मराठवाडा हैदराबाद संस्थानातून १९४८ साली मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. पूर्णा नदीवरचे येलदरीचे धरण १९६८ साली पुरे झाले. राज्ये बदलली, कामे निघाली, तशी चाके वाढली. आणि जेथे चाक आले तेथे चाक दुरुस्त करणारा आलाच.

तो कोठे बसला? घरातच. पुढच्या खोलीची भिंत काढून तेथे शटर बसवले, वर पत्रा टाकला, दारात एक जुना टायर उभा केला. तीच पाटी. आत एका कोपऱ्यात पाण्याचा माठ, दुसऱ्या कोपऱ्यात कॉम्प्रेसर. भिंतीला पाने टांगलेले, त्यांच्याशेजारी पोरांची दप्तरे. मागच्या खोलीत भाकरी भाजली जात असते आणि पुढच्या खोलीत गरम पॅच. कॉम्प्रेसर धडधडू लागला की बाहेरचा माणूस दचकतो. त्या घरातले तान्हे मूल मात्र त्या आवाजातच झोपते, आणि आवाज थांबला की जागे होते. ह्याला आपण दुकान म्हणतो. आमच्या मते तो कारखाना आहे. तेथे यंत्र आहे, विजेची शक्ती आहे, कसब आहे, धोका आहे. नाही ती फक्त कारखान्याची ओळख.

हा धंदा परका वाटतो, पण आपल्या मातीत तो नवा नाही. ज्यांचे केस पिकले आहेत त्यांनी लाकडी चाकाला धाव चढवताना पाहिली असेल. सुताराने चाक करावे: मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर लाकडाचा घेर. मग लोहाराने लोखंडी पट्टीचे कडे वळवावे, ते चाकापेक्षा किंचित लहान. ते गोवऱ्यांच्या विस्तवात लाल होईस्तोवर तापवावे, तापून पसरले की सांडशांनी उचलून चाकावर बसवावे आणि तत्क्षणी पाणी ओतावे. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसते, सांधे कचकन आवळले जातात. त्यात ना खिळा, ना गोंद. उष्णतेने धातू पसरतो हे शाळेतल्या पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी आपल्या लोहाराने ते हाताने जाणले होते. टायर बदलण्याचे घरचे दुकान ते हेच.

ह्या कामाचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. बलुतेदारीचे गोडवे आम्ही गाणार नाही. जातीच्या दाव्याला माणूस बांधणारी ती रचना मोडली हे चांगलेच झाले. पण एक गोष्ट तिच्यात होती. आपले ह्या कारागिराशी काही देणे आहे, एवढे गाव कबूल करीत असे. आज पाच मिनिटांचे काम झाले, पैसे फेकले, गाडी सुरू केली, देणेघेणे संपले. त्याचा हात मोडला की बरा आहे, हे विचारण्याचे कोणाच्याच वाट्याला येत नाही. जुने बंधन गेले, त्याच्या जागी नवे नाते मात्र आपण बांधले नाही.

मग रबर आले. बैलगाडीलासुद्धा रबरी टायर लागले, आणि कित्येक ठिकाणी लोक अशा गाडीलाच 'डनलॉप' म्हणू लागले. हा डनलॉप म्हणजे बेलफास्ट शहरातला गुरांचा डॉक्टर. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार हादरते म्हणून त्याने तिच्या चाकांना हवेची रबरी नळी बांधली आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. त्याच्याही आधी, १८४५ साली, थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना नोंदवली होती. पण तेव्हा ती फारशी वापरली गेली नाही. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत तडकते. ते गंधकाबरोबर तापवले म्हणजे पिकते व टिकते, हे अमेरिकेतल्या चार्लस गुडइयरने १८३९ साली शोधून काढले. १८६० साली तो मेला तो कर्जात बुडालेला. त्याच्या नावाची टायर कंपनी त्याच्या मृत्यूनंतर ३८ वर्षांनी निघाली आणि तिचा त्याच्या घराशी काहीही संबंध नव्हता. कसब एकाचे आणि कमाई दुसऱ्याची, ही रीत टायरच्या जन्मापासूनची आहे.

आणखी एक काळी गोष्ट सांगितली पाहिजे. टायरची मागणी वाढली तेव्हा आफ्रिकेतल्या काँगोत बेल्जियमचा राजा लिओपोल्ड ह्याची खाजगी जहागीर होती, १८८५ पासून १९०८ पर्यंत. रानातून रबर आणण्याचा कोटा पुरा केला नाही तर माणसांना फटके पडत, बायकांना ओलीस ठेवीत, हात तोडल्याच्याही नोंदी आहेत. पुढे ब्राझीलमधून १८७६ साली नेलेल्या बियांपासून लंका-मलायात मळे उभे राहिले, आपल्याकडे केरळात रबर पिकू लागले. तेथेही पहाटे उठून झाडाला चीर देणारा मजूरच. म्हणून आम्ही म्हणतो, टायरमध्ये नुसती हवा नसते. त्यात पुष्कळ माणसांचा श्वास भरलेला असतो.

टायर 'बदलणे' हा धंदा कसा निघाला, हेही ऐकण्यासारखे आहे. सुरुवातीला टायर चाकाला डिंकासारख्या द्रव्याने चिकटवीत. फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंच्या कारखान्यात १८८९ साली एक सायकलस्वार पंक्चर घेऊन आला. टायर सोडवून जोडायला तीन तास लागले आणि ते वाळायला रात्र गेली. सकाळी सायकल जरा चालवून पाहतात तो पुन्हा हवा गेली! त्या वैतागातून १८९१ साली सुटा होणारा टायर निघाला. ज्या कामाला तेव्हा रात्र लागली, ते काम आपला मिस्त्री चहा निवायच्या आत करतो. आणि तरीही आपण घड्याळाकडे पाहतो.

हे काम वाटते तितके सोपे नाही. दोन टॉमी घालून टायरची कड रिमच्या बाहेर काढावयाची. ट्यूब चिमटली की एकाचे दोन पंक्चर. ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवावयाची, बुडबुडा दिसला की खूण करावयाची आणि तेथेच न थांबता पूर्ण वेढा तपासावयाचा. मग ती जागा कोरडी करून घासावयाची, कारण गुळगुळीत रबरावर पॅच धरत नाही. सोल्यूशन पातळ लावावयाचे आणि थांबावयाचे. हे थांबणेच गिऱ्हाइकाला सोसत नाही. ओल्या सोल्यूशनवर पॅच दाबला तर तो दोन कोसांवर सुटतो. ट्रकच्या ट्यूबला पॅच शिकंज्यात धरून आच देतात. गुडइयरने पाहिले तेच रबराचे पिकणे आपल्या ओसरीवर रोज घडते. शेवटी टायरच्या आतून बोटे फिरवून बाभळीचा काटा नाहीतर खिळा शोधावयाचा. जो हे शेवटचे काम टाळतो त्याच्याकडे गिऱ्हाईक लवकर परत येते. त्याचा गल्ला भरतो, पण अब्रू जाते. आमच्या पाहण्यात काटा न शोधणारे थोडे आणि शोधणारे पुष्कळ आहेत. ही त्यांची सचोटी कोणी तपासत नाही, म्हणून तिचे मोल अधिक.

येथे एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे वैशाखात डांबर पाघळते आणि टायर फुटतात. लोक म्हणतात, उन्हाळ्यात हवा कमी ठेवा. हे उलटे आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू चालताना फार दुमडतात, त्या दुमडण्याने आतून उष्णता वाढते आणि टायर फुटतो. गाडी थंड असताना कंपनीने दिलेल्या आकड्याइतकी हवा भरावी आणि तापल्यावर काढू नये. मिस्त्री हे सांगतो तेव्हा त्याचे ऐकत जा.

आता ज्यासाठी हा विषय घेतला त्या गोष्टीकडे येतो. मोटारसायकलच्या टायरमध्ये २५-३० पौंड हवा असते. ट्रकच्या टायरमध्ये १०० पौंड आणि त्याहूनही जास्त. हे पौंड दर चौरस इंचावरचे असतात. आपला तळहात बोटे सोडून ३ इंच बाय ४ इंच धरा, म्हणजे १२ चौरस इंच. त्यावर १२०० पौंड, म्हणजे जवळजवळ साडेपाच क्विंटल. क्विंटलाची पाच पोती तळहातावर उभी, अशी कल्पना करा. जुन्या पद्धतीच्या ट्रकच्या चाकाला टायर अडवून धरण्यासाठी लोखंडाची सुटी रिंग असते. तिला लॉक रिंग म्हणतात. ती खाचेत नीट बसली तर सारे ठीक. खाचेत गंज असला, माती राहिली, रिंग वाकलेली असली, किंवा एका चाकाची रिंग दुसऱ्याला लावली, तर हवा भरताना ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. समोर माणूस असला तर तो वाचेलच असे नाही.

अमेरिकेत ह्या कामासाठी १९८० साली नियम झाला. चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवल्याशिवाय हवा भरावयाची नाही, नळी लांब हवी, माणसाने समोर नव्हे, बाजूला उभे राहावयाचे. चाक उघडण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडावयाची. हवा असलेल्या रिंगवर हातोडा मारावयाचा नाही. ह्यात अवघड काहीच नाही. पण आपल्याकडच्या किती ओसऱ्यांवर असा पिंजरा आपण पाहिला आहे? चाकात पहार अडकवली म्हणजे पिंजरा झाला नव्हे.

काही वर्षांपूर्वी, अशाच उन्हाळ्यात, आपल्याच तालुक्यातल्या एका रस्त्यावर एका मिस्त्रीच्या घरापुढे ट्रकचे चाक आले. ड्रायव्हरला घाई होती. मिस्त्री वाकून हवा भरीत होता आणि रिंग सुटली. डोके वाचले, ते तो नेमका पाना उचलायला वळला म्हणून. उजवा हात मात्र कोपरापासून गेला. आम्ही इस्पितळात गेलो. युनियनचा माणूस म्हणून अर्ज भरण्याचे काम आमच्याकडे आले. अर्जात पहिलाच रकाना होता, 'मालकाचे नाव'. आम्ही त्याला विचारले. तो उताणा पडून छताकडे पाहत होता. म्हणाला, "लिहा माझंच." दुसरा रकाना, 'कामगाराचे नाव'. त्याने पुन्हा तेच सांगितले. अर्ज परत आला. शेरा असा होता की अर्जदार हा कोणाचाही कामगार नाही.

आम्हांला त्या कचेरीचा राग आला, आणि रात्री घरी आल्यावर स्वतःचा अधिक आला. कारण त्या ओसरीवरून आम्ही कितीदा गेलो होतो. मोर्च्याला जाताना आमच्या मोटारसायकलचे पंक्चर त्यानेच काढले होते, आणि मोर्च्याचे काम म्हणून पैसे घेतले नव्हते. आम्ही एस.टी.वाल्यांच्या, हमालांच्या, नगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या सभा घेतल्या. हा माणूस कामगार आहे, हे आमच्या कधी मनातच आले नाही. कचेरीच्या कागदात त्याला रकाना नव्हता, तसा आमच्याही वहीत नव्हता.

एस.टी.च्या आगारात डोकावून पाहा. तेथेही मेकॅनिक आहे. तोही चाक खोलतो, तोही ग्रीसने माखतो. त्याला पाळी आहे, साप्ताहिक सुट्टी आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे, आणि गाऱ्हाणे मांडायला संघटना आहे. हे त्याला कोणी भीक म्हणून दिले नाही. लढून मिळाले आहे आणि ते टिकले पाहिजे. पण आगाराच्या भिंतीच्या बाहेर तेच काम करणारा माणूस 'पंक्चरवाला' होतो. भिंतीच्या आत कामगार, बाहेर नुसता 'वाला'! नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. एवढी वर्षे लोटली, ओसरीवरच्या कारखान्यात तो रविवार अजून उगवलेला नाही.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कारखाना कशाला म्हणावयाचे ते ठरवले. वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार, न वापरणाऱ्या ठिकाणी २०. २०२० च्या संहितेने हे आकडे २० आणि ४० केले. दुकानांविषयीच्या २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानाला नोंदणी सोडून नुसती सूचना पुरे केली. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा झाला, पण त्याला एक मालक आणि एक नोकर असे दोघे लागत. येथे दोघे एकाच कातडीत राहतात. कायद्याची चाळणी अशी की मोठे दाणे वर राहावेत आणि बारीक खाली पडावेत. आणि आपल्या देशात तर बारीकच दाणे अधिक.

त्या ओसरीवर आणखीही कोणी राबते. रात्री दिवा धरणारी, पाने ओळखून हातात देणारी, नवरा गाडीखाली असताना पैसे मोजून घेणारी त्याची कारभारीण. तिची गणती कोठे आहे? जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत झाला, तो बर्था बेंझ ह्या बाईंनी केला, दोन मुलांना घेऊन. वाटेत तेलाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि ब्रेक झिजले तेव्हा एका मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. म्हणजे मोटार दुरुस्तीच्या कुळातले मूळ पुरुष शोधू गेले तर एक बाई आणि एक चांभार सापडतात! आपल्या ओसरीवरच्या बाईला 'मदत करते' एवढेच म्हणून सोडू नका. ती काम करते.

आणि पोर. बालमजुरीच्या १९८६ च्या कायद्याच्या परिशिष्टात पुढे मोटार गॅरेजचे नाव घातले गेले. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याच कामावर ठेवावयाचे नाही असे ठरले. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात, धोका नसेल तर, मदत करण्याची मोकळीक मात्र राहिली. पण घर आणि गॅरेज एकच असले म्हणजे ही रेष कोणी ओढावयाची? पाना देणे निराळे आणि चाकावर उभे राहून हवा भरणे निराळे. बंद खोलीत इंजिन चालू ठेवले की विषारी वायू साचतो. बॅटरी चार्ज होताना निघणारा वायू ठिणगीने पेटतो. जुन्या ब्रेकच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असे आणि ती हवेच्या झोताने उडवली की फुप्फुसात जाऊन बसते. सोल्यूशनचा वास तर कित्येक कोवळ्या पोरांना व्यसन लावून गेला. मुलाने बापाचे कसब शिकावे, ह्याला आमचा विरोध नाही. पण कसबाआधी शाळा, आणि धोक्यापासून दूर. हे बापालाही कळते. पोट मध्ये येते.

मग करावयाचे काय? नुसते रडगाणे गाणे युनियनच्या माणसाला शोभत नाही. पहिली गोष्ट, एका ओसरीला पिंजरा परवडत नसेल तर पाच ओसऱ्यांनी मिळून जाड पाइपांचा, ताकद तपासून घेतलेला एक पिंजरा करावा, आणि ट्रकचे चाक तेथेच भरावे. दुसरी, मिस्त्रींनी एकत्र बसून दरपत्रक आणि आठवड्याची सुट्टी ठरवावी. पाळीने एक दुकान उघडे राहील, वाटसरूचा खोळंबा होणार नाही. तिसरी, जे हाताशी आहे ते घ्यावे. अपघात विम्याची सरकारी योजना २०१५ साली वर्षाला १२ रुपयांवर निघाली, २०२२ पासून तिचे २० रुपये झाले; अपघाती मृत्यू आल्यास वारसाला दोन लाख मिळतात. असंघटितांच्या नोंदणीसाठी २०२१ साली ई-श्रम निघाले. कसब शिकलेले पण कागद नसलेले, अशांना प्रमाणपत्र देण्याची सोयही २०१५ नंतर झाली. विम्याने हात परत येत नाही, हे खरे. पण कोठेतरी आपले नाव लिहिले जाते.

चौथी गोष्ट मोठी आहे. हमालाला एक मालक नसतो. आज ह्याचे पोते, उद्या त्याचे. तरीही अण्णासाहेब पाटलांनी चळवळ उभी केली, पुण्यात बाबा आढावांनी हमालांची पंचायत बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. माल उचलून घेणाऱ्यांकडून मजुरी आणि वर वर्गणी मंडळात जमते आणि त्यातून हमालाला निधी, उपदान, दवापाणी मिळते. मालक एक नसला म्हणून कामगार अनाथ नाही, हे ह्या कायद्याने सिद्ध केले. बांधकामावर १९९६ च्या कायद्याने उपकर बसला आणि तो मजुरांच्या कल्याणासाठी ठेवला गेला. मग प्रत्येक नव्या टायरमागे थोडासा उपकर घेऊन टायर दुरुस्त करणाऱ्यांचे मंडळ का होऊ नये? टायर विकणाऱ्याचा नफा ह्या माणसाच्या जिवावरच तर रस्त्यावर धावतो.

आणि वेळ थोडा आहे. २०२० च्या एप्रिलपासून बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला, त्याजागी संगणकाने चालणारी इंधनाची पिचकारी आली. विजेच्या गाड्या आल्या. कानाने इंजिनचा आजार ओळखणाऱ्या उस्तादाच्या हाती आता स्कॅनर हवा, आणि त्याची माहिती कंपन्या आपल्या कपाटात ठेवतात. २०१४ साली आपल्या स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना, सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने बाहेरच्या मिस्त्रीला मिळू देत नाहीत म्हणून, सुमारे अडीच हजार कोटींचा दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध वरच्या दरबारी गेल्या. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली, तिच्या यादीत मोटारी आणि शेतीची अवजारेही होती. लोहाराची भट्टी विझली तेव्हा गावाने त्याला काही विचारले नाही. ह्या वेळी तरी विचारूया. ही माहिती उघडी करा, हे मागणे मिस्त्रीचे तसेच तुमचेही आहे. आज ज्याला हाताशी मिस्त्री आहे त्याला उद्या प्रत्येक वायसरसाठी परभणी-संभाजीनगर गाठावे लागेल.

राहता राहिली आपली, म्हणजे गिऱ्हाइकांची गोष्ट. ट्रकची हवा भरताना 'आटप लवकर' म्हणू नका. पोर पुढे आले तर 'ह्याला शाळेत पाठवा' एवढे म्हणा, आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. त्या दहा रुपयांत त्याची वही येते. आणि त्याचे नाव विचारा. 'ए पंक्चर' हे कोणाचेही नाव नव्हे.

त्या हात गेलेल्या मिस्त्रीचे काय झाले, असे कोणी विचारील. त्याने ओसरी बंद केली नाही. आता तो डाव्या हाताने टॉमी धरतो आणि जड काम त्याची कारभारीण करते. दारात त्याने एक पिंजरा बसवला आहे. वर्गणी आजूबाजूच्या सहा दुकानांनी काढली. आमच्या वहीत आता एक नवा रकाना आहे, आणि त्यात पहिले नाव त्याचे, दुसरे तिचे. आज घरी जाताना कोठे त्यांच्या ओसरीवर दिवा दिसला तर क्षणभर थांबा. हवा भरायची नसली तरी चालेल.